एका छटेची एकच कृती

९ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही. 'आज विशेष काही नाही' असं लिहायला वही कशाला खराब करायची?

परत येऊन वर्ष होत आलं. आधी नवऱ्याचं घर सुटलं, मग नोकरी सुटली, आणि चाळिशीच्या तोंडावर मी काका-काकूंच्या माडीवरच्या खोलीत बोचकं टाकलं. दादाचं घर याच्या दुप्पट आहे. पण तिथे माझ्यासाठी जागा नाही, हे वहिनींनी एक अक्षर न बोलता मला नीट समजावून दिलं. काकूने मात्र काही विचारलं नाही. फक्त खिडकीला पडदा लावला आणि म्हणाली, "ऊन फार येतं इथे."

आज दादाने ऑफिसात बोलावलं. बाबांनी सुरू केलेला हा कापड रंगवायचा धंदा. आमचे रंगखाने दोन. एक हमरस्त्यावरचा, नवा, तो दादा बघतो. दुसरा टेकाडाच्या पलीकडे विहिरीपाशी, जुना, तो काका बघतात. कामगार त्यांना 'रस्ता' आणि 'विहीर' म्हणतात. आता दवाखान्यांचे गणवेश शिवणारी एक मोठी कंपनी आमच्याकडे आली आहे, आणि तिची अट अशी की माल कुठूनही निघो, निळा तो निळाच दिसला पाहिजे. आणि आमच्याकडे काय? रस्त्याच्या रंगांच्या कृती तीन कॉम्प्युटरांवर तीन तऱ्हांनी लिहिलेल्या. विहिरीच्या कृती पत्र्याच्या डब्यांत, कापडाचे तुकडे टाचलेल्या कार्डांवर. एकाच हिरव्याला कुणी 'दवाखाना हिरवा' म्हणतं, कुणी 'पोपट', कुणी नुसतं 'तो'.

"हे सगळं एका जागी आण," दादा म्हणाला. "एका छटेची एकच कृती. कोण किती माल काढतं, किती परत येतो, सगळं मला एका पानावर दिसलं पाहिजे."

मी विचारलं, विहीर बंद करणार असं कामगार बोलतात, ते खरं का?

"अजून काही ठरलं नाही. आकडे काय सांगतात ते बघू. पावसाळ्याच्या आत ठरवावं लागेल."

म्हणजे काकांचा रंगखाना राहणार की जाणार, ते माझ्या कामावर ठरणार. काकांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. ते बोलायला लागले की समोरच्याचा अपमान होतो आणि न बोलले की जास्त होतो. त्यांच्या वतीने आता माझे आकडे बोलतील. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागल्यासारखी भूक लागली.

१२ जानेवारी

विहिरीवर गेले होते. काका एका पायावर भार देऊन हौदाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "आली का मोजणीवाली?"

डबे मागितले तर म्हणाले, "एकेक घेऊन जा. एक परत आणलास की दुसरा मिळेल." जणू मी वाचनालयात आले होते. पहिला डबा तिथेच उघडला. प्रत्येक कार्डावर रंगवलेल्या कापडाचा तुकडा, खाली रंग किती, मीठ किती, सोडा किती. आणि जवळजवळ प्रत्येक कार्डावर सगळ्यांत वर 'पूड आधी', पुढे एक आकडा.

"ही कसली पूड?"

"पांढरी. ती लागते."

"रस्त्याच्या कृतींमध्ये नाहीये."

"नसेल."

बस. संपलं संभाषण. एका माणसाचं एवढं ज्ञान आणि त्याला तोंड म्हणून नाही. मी ठरवलं आहे, यांच्या कार्डांचं असं चोख काम करायचं की दादाने बघत राहावं.

२४ जानेवारी

मान मोडून आली आहे, पण काम पुढे सरकतंय. काकांना माझा विश्वास वाटायला लागला असावा. आता ते दोन-दोन डबे देतात. काल जेवताना काकूला म्हणाले, "छोटी बारीक बघते. बाबांसारखी." मला सांगितलं नाही, काकूला सांगितलं, पण मी ताटावरच होते.

आज नावं ठरवली. 'रस्ता' आणि 'विहीर' ही काही विभागांची नावं नव्हेत. बाहेरच्या माणसाने वाचलं तर हसेल. म्हणून 'विभाग एक' आणि 'विभाग दोन' केलं. कामगारांना सांगितलं की चिठ्ठ्यांवरही हेच लिहायचं. रस्त्याचे मुख्य रंगारी, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते म्हणाले, "ताई, विहिरीला दोन म्हटलं तर ती काय आटणार आहे का?" सगळे हसले. मीही हसले.

३१ जानेवारी

कठीण प्रश्न आला. प्रत्येक छटेच्या दोन कृती निघाल्या, एक काकांची, एक रस्त्याची. नाव एक, कापडाचा तुकडा दिसायला एक, आणि आत लिहिलेलं वेगळं. कुठली ठेवायची?

दादाच्या खोलीत बसलो. काकांनाही बोलावलं होतं. ते खुर्चीवर टेकल्यासारखे बसले होते, कधीही उठून जाता यावं अशा बेताने.

दादा म्हणाला, "एका छटेला दोन कृती म्हणजे एका घरात दोन घड्याळं. वेळ विचारली की भांडण. सोपं करू. जिची तारीख नवी, ती ठेवायची. जुनी काढून टाकायची."

मी म्हटलं, हे ठीक आहे. नवी म्हणजे सुधारलेली असणार. पुढच्या माणसाने काहीतरी विचार करूनच बदलली असेल.

काका म्हणाले, "तिथलं तिथे आणि इथलं इथे राहू दे."

"काका, तेच तर नकोय आपल्याला," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, उलट फार हळू बोलला. "का राहू दे, ते सांगा ना."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काही विचारीन म्हणून. मी तारखांचा तक्ता उघडून बसले होते. मग ते उठले. "तुम्ही शिकलेली माणसं. करा," म्हणाले आणि गेले.

असं वागून कसं चालेल? पटत नसेल तर कारण द्यावं. रागावलं की झालं, असं घरात चालतं, कामात नाही. त्यांच्या कृती सगळ्याच जुन्या तारखांच्या आहेत. वर्षानुवर्षं त्यांनी एकही बदललेली नाही. हे मला जरा खटकलंच होतं.

८ फेब्रुवारी

झालं! सगळ्या छटा, सगळ्या कृती, एका जागी. हव्या त्या रंगाचं नाव टाका, एक पान उघडतं, एकच. दोन्ही विभागांत कॉम्प्युटरचे पडदे लावले. कामगारांनी पडद्यावर बघायचं आणि तसं करायचं. दादाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वहिनी पहिल्यांदाच चहा घेऊन स्वतः आल्या.

जुनी कार्डं काढून टाकायची होती. दोन्ही राहिली तर कामगार जुन्याकडेच वळणार, हे दादाचं म्हणणं बरोबर आहे. डबे रिकामे करून सगळं कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात पाठवलं. गाडी वळेपर्यंत मी दारातच उभी राहिले, पण घर आवरताना असं होतंच. काकांना सांगितलं नाही. ते हळवे होतील आणि त्यातून आणखी आठ दिवसांचा अबोला. विचारलं तर सांगेन. अजून विचारलेलं नाही. डबे मात्र परत नेऊन दिले, घासून, चकचकीत करून.

२० फेब्रुवारी

गणवेशवाल्यांकडून पहिला माल परत आला. फिकट निळा. मळकट दिसतो म्हणे, आणि मध्येच ढग आल्यासारखे डाग. विभाग दोनचा आहे.

काकांना विचारलं. "पडद्यावर लिहिलंय तसं केलं," म्हणाले.

"नक्की तसंच?"

"चमचाभर इकडे-तिकडे नाही. तूच ये, बघ."

मी गेले, पाहिलं. खरंच तसंच करत होते. इतकं तंतोतंत की मला चीड आली. मीठ तोलताना तराजूचा काटा थांबेपर्यंत थांबत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. एवढं आज्ञाधारक मी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही. मग माल का बिघडतो? हौद जुने आहेत, ते नीट धुतले जात नसावेत. तशी नोंद केली.

रात्री जेवायला बसलो. काकू म्हणाली, "अहो, काही सांगायचं असेल तर सांगून टाका ना पोरीला." काका म्हणाले, "मीठ दे जरा."

६ मार्च

विभाग दोनचा माल परत येतच आहे. निळा, हिरवा, राखाडी. तक्त्यावर विभाग एकची रेघ सरळ चालली आहे आणि दोनची जिना चढते आहे. मी त्यांच्या वतीने बोलेन म्हटलं होतं आणि माझाच तक्ता त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो आहे. पण आकडे खोटे कसे लिहू? मी काकांना म्हटलं, "काका, काहीतरी करा हो. असंच चाललं तर मला काही करता येणार नाही."

ते म्हणाले, "मी काय करणार? आता कृती तुझ्या आहेत."

किती लागलं मला ते! मी इथे यांच्यासाठी मरते आहे आणि यांना खोचक बोलणं सुचतंय.

विहिरीच्या आवारात आज एक माणूस फीत धरून जागा मोजत होता. दादाला विचारलं तर म्हणाला, विम्याचं काम आहे. त्याचंही बरोबर आहे, विमा काढायचा राहूनच गेला होता. वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "तिकडे गोदाम झालं की गाड्यांचा त्रास कमी होईल." कुठलं गोदाम, ते विचारायचं राहून गेलं. त्या नेहमीच अर्धवट बोलतात.

२२ मार्च

विहीर बंद.

दादाने माझंच पान सगळ्यांसमोर उघडलं. दोन रेघा. "मला काही बोलायचं नाही," म्हणाला, "हे बघा आणि तुम्हीच सांगा." कोण काय सांगणार? कामगारांपैकी काही रस्त्याच्या रंगखान्यात घेतले, बाकीच्यांना घरी पाठवलं. धंद्यातला काकांचा भाग कागदावर तसाच राहील, पण त्यांनी आता आराम करावा.

काका भांडतील असं वाटलं होतं. भांडले नाहीत. मान हलवली आणि निघाले. मी मागोमाग धावले. नुसतंच "काका" म्हटलं.

"जाऊ दे ग," ते म्हणाले. "म्हातारपणी कधीतरी जायचंच होतं. रंगखाना गेला, पण रंग आहेत ना तुझ्याकडे. जन्मभर डोक्यात बाळगले. आता तू घेतलेस, मी मोकळा झालो."

मी हो म्हटलं. म्हणजे, आहेतच ना माझ्याकडे. एका जागी, नीट.

तरी माडीवर आले आणि खूप रडले. काकू वर आली, शेजारी बसली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यापेक्षा दिला असता तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल

काका दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतात. दुपारी काकूला कापड दाखवून विचारतात, हा कुठला रंग. ती सांगेल त्यावर हसतात. मला वाटतं त्यांना बरं वाटतंय.

आता सगळा माल रस्त्यावर निघतो, त्यामुळे तिथलं नळाचं पाणी पुरेना. दादाने विहिरीवरून नळी टाकून पाणी इकडे आणलं. आजपासून अर्ध्याहून जास्त हौद त्यावर चालतील. दादा असं झटपट करतो. मला त्याचं कौतुक वाटतं.

१७ एप्रिल

विभाग एकचा निळा परत आला. मळकट. ढगांचे डाग.

हौद नवे आहेत. धुतलेले आहेत. मी स्वतः आत हात घालून पाहिले. मास्तर माझ्या मागे उभे होते. "ताई," म्हणाले, "पाणी जड आहे विहिरीचं. ते रंग धरू देत नाही. मोठ्या मालकांकडे, म्हणजे तुमच्या काकांकडे, त्याची काहीतरी युक्ती होती. पूड टाकायचे."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मला काय ठाऊक तिकडे काय चाललंय? मी नळावरचा माणूस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुम्ही पडदा लावलात. पडद्याला कोण उलटून बोलतं?"

पूड आधी. प्रत्येक कार्डावर, सगळ्यांत वर.

मी जाऊन कॉम्प्युटर उघडला. एकेक छटा काढली. निळा, हिरवा, राखाडी, लाल. सगळीकडे रस्त्याच्या कृती. नवी तारीख ठेवायची म्हणून मी माझ्या हाताने काकांची प्रत्येक कृती पुसली आहे. ती जुनी नव्हती. ती विहिरीची होती. तिला तीस वर्षं बदलायची गरजच पडली नव्हती. आणि विहीर हे नावसुद्धा मीच काढून टाकलं.

काकांचा माल काकांमुळे बिघडत नव्हता. मी बिघडवत होते, पडद्यावरून, रोज.

१८ एप्रिल

दादाला सांगितलं. वाटलं होतं, तो हादरेल. तो म्हणाला, "जुनी प्रत असेल ना कुठेतरी?"

"तूच म्हणालास, काढून टाक."

"मी म्हणालो असेन. काढलं तू." मग जरा नरम होऊन म्हणाला, "हे बघ, झालं ते झालं. गणवेशवाल्यांनी शेवटची संधी दिली आहे. आणखी एकदा माल परत आला की करार संपला. काकांना बोलाव. त्यांच्या डोक्यात आहेच सगळं."

"आणि विहीर परत सुरू करायची?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. जागा दिली आहे, म्हणाला. गोदामवाल्यांना. "हिवाळ्यातच बोलणं झालं होतं, मला वाटलं तुला माहीत आहे."

हिवाळ्यात. म्हणजे मी पहिला डबा उघडला तेव्हा. मग तक्ता कशासाठी हवा होता त्याला? मी विचारलं नाही. 

२५ एप्रिल

काका आले. काकूने कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. रस्त्याच्या रंगखान्यात शिरले तेव्हा विहिरीचे जुने कामगार काम टाकून पुढे आले. कुणी त्यांची पिशवी घेतली, कुणी खुर्ची पुसली. काका खुशीत होते. "काय रे, नळावर येऊन गोरे झालात," म्हणाले.

फिकट निळ्यापासून सुरुवात करायची ठरलं. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली, एकमेकांवर घासून पाहिली, पूड मागवली. सगळं त्यांच्या हाताने घातलं. कापड बाहेर आलं, वाळलं. गणवेशवाल्यांच्या तुकड्याशेजारी ठेवलं. आमचा निळा जांभळ्याकडे झुकलेला.

"पूड कमी झाली," काका म्हणाले. "की मीठ लवकर पडलं? उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मग त्याचं प्रमाण निराळं. त्याचं वेगळं कार्ड होतं. छोटे, कार्ड काढ ग जरा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"काका, कार्डं नाहीत."

"असू दे, त्याच्यात बघ. कॉम्प्युटरात."

"त्यातही नाहीत. तिथे फक्त रस्त्याच्या आहेत. कार्डं मी लगद्याला पाठवली."

त्यांना पटकन कळलं नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "सगळी?"

"सगळी."

ते बराच वेळ हात पुसत राहिले. हात कोरडे होते. मग माझ्याशी अगदी हळू बोलले, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मला वाटलं, माल बिघडायला लागला की तुम्ही येऊन विचाराल. मी मुद्दाम पडद्यावरचं तसंच करत होतो. दोन-चार खेपा बिघडल्या की येतील, म्हटलं. कुणी आलंच नाही."

"मी आले होते की काका. मी विचारलं होतं."

"तू विचारलंस, नक्की तसंच केलं का. पाणी कसलं आहे, ते नाही विचारलंस."

आणि ते सांगू शकले असते. एक वाक्य होतं. मी विचारू शकले असते, तेही एकच वाक्य होतं. आम्ही दोघंही एका टेबलावर जेवत होतो.

६ मे

काका रोज येतात. रोज एक निळा काढतात. मी प्रत्येक प्रयत्न लिहून ठेवते, पूड किती, मीठ कधी, काय निघालं. शेवटच्या रकान्यात 'जुळला' किंवा 'नाही जुळला'. 'नाही जुळला' असं पानभर झालं आहे. विहिरीचं पाणीही रोज खाली जातंय, त्यामुळे कालचं आज लागू पडत नाही.

मला वाटायचं, त्यांच्या डोक्यात सगळं असेल. नाही. एवढ्या छटा कुणाच्या डोक्यात राहतील? त्यांनी त्या कार्डांवर यासाठीच लिहिल्या होत्या, की डोक्यात ठेवाव्या लागू नयेत.

जुने कामगार आता काम सोडून पुढे येत नाहीत. ते आपापल्या हौदाकडे तोंड करून असतात.

९ मे

काकू आज म्हणाली, "ह्यांना आता पुरे म्हण. झोपेत बोटं मोजतात." मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "माझं नाही ऐकायचे. तुझ्यासाठी चाललंय हे सगळं, तुला दोष लागू नये म्हणून."

मला हे सुचलंच नव्हतं. मी समजत होते, मी त्यांच्यासाठी थांबले आहे.

१४ मे

दादाने सकाळी सांगितलं, आज शेवटचं. उद्या गणवेशवाल्यांचा सगळा माल काढायला घ्यायचा. काकांचं जुळलं तर त्यांच्या कृतीने, नाही तर नळाचं पाणी मिळेल तेवढाच माल द्यायचा, बाकीच्याला नाही म्हणून सांगायचं. तोटा होईल, पण करार राहील. काकांनी मग घरी बसावं, उगाच माणसं अडकून पडतात.

काकांनी काही ऐकलं नसेल असं नाही. ते नेहमीसारखे पाण्यात बोटं घालून उभे राहिले. दुपारपर्यंत कापड निघालं. वाळल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, दुसऱ्या हातात नमुन्याचा तुकडा, आणि दारात उजेडाला धरून उभे राहिले. पुष्कळ वेळ. तुकडे जवळ आणले, लांब नेले. मग तोंड न वळवता म्हणाले, "तूच सांग. माझ्या डोळ्यांत जरा पाणी येतंय उन्हाने."

ऊन दाराच्या दुसऱ्या बाजूला होतं. रंगाबद्दल त्यांनी आजवर कुणालाही काही विचारलेलं नाही.

मी पाहिलं. जांभळी झाक होती, कालच्यापेक्षा थोडी कमी. कडेला एक ढग. कुणालाही दिसला असता.

"जुळला," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं, काका."

त्यांचे खांदे इतके खाली आले की मला वाटलं ते पडतात. मास्तरांनी कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वळून नळ बंद करायला गेले.  मी कॉम्प्युटरापाशी बसले. काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी आजची कृती लिहिली आणि शेवटच्या रकान्यात 'जुळला' लिहिलं.

"बाकीच्या नोंदी काढून टाक," काका म्हणाले. "उगाच गोंधळ नको."

काढून टाकल्या.

ते घरी गेले आहेत. काकू खालून सांगत होती की ते आल्या आल्या जेवले आणि गाढ झोपले. दादाचा फोन येऊन गेला. मी त्याला सांगितलं, जुळलं. त्याने कामगारांना निरोप दिला आहे. उद्या सकाळपासून सगळा माल त्याच कृतीने निघेल.